परदेशी मदत, तिच्या अटी आणि कामगार स्त्रीचे आरोग्य

भिलाईच्या हुडको वसाहतीचे नाव देशभरच्या कामगारांना एका दुःखद घटनेमुळे ठाऊक आहे. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे याच वसाहतीतील एका घरात शंकर गुहा नियोगी झोपेत असताना त्यांच्यावर गोळ्या झाडून त्यांचा खून करण्यात आला. दरवर्षी त्या दिवशी कामगार त्यांची आठवण काढतात. किमान वेतन, कंत्राटी पद्धत, दारूबंदी या प्रश्नांवरील त्यांच्या लढ्याची उजळणी होते. पण नियोगींच्या संघटनेने केलेले एक काम आपल्या सभांमध्ये फारसे सांगितले जात नाही. ते काम बाळंतपणाशी संबंधित आहे. परदेशी मदत आणि स्त्रियांचे आरोग्य हा प्रश्न आज जगभर ऐरणीवर आला असताना त्या कामाची माहिती रेल्वे व टपाल कामगारांनी करून घेणे गरजेचे आहे, असे आम्हाला वाटते.

प्रथम आजची परिस्थिती पाहू. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदी डोनाल्ड ट्रम्प दुसऱ्यांदा आले आणि त्यांनी परदेशांना दिली जाणारी मदत थांबवली. ही मदत वाटणारी 'यूएसएड' ही संस्था १ जुलै २०२५ पासून व्यवहारात बंद झाली. त्याच जानेवारीत 'मेक्सिको सिटी धोरण' पुन्हा लागू करण्यात आले. जगभर त्याला 'तोंडबंदीचा नियम' म्हणतात. त्याचे परिणाम आपल्या दारापर्यंत आले. हैदराबाद, कल्याण व पुणे येथील तृतीयपंथीयांसाठीचे दवाखाने यूएसएडच्या पैशावर चालत होते. ते काही दिवसांत बंद पडले. वॉशिंग्टनमध्ये एक सही झाली आणि कल्याणसारख्या रेल्वेच्या गावात दवाखान्याला कुलूप लागले. हैदराबादचा दवाखाना पुढे देशी विश्वस्त निधीच्या आधाराने पुन्हा उघडला, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

तोंडबंदीचा नियम म्हणजे काय?

हा नियम १९८४ साली मेक्सिको सिटी येथील लोकसंख्या परिषदेत रीगन सरकारने जाहीर केला. क्लिंटन यांनी १९९३ मध्ये तो रद्द केला. बुश यांनी २००१ मध्ये पुन्हा आणला, ओबामांनी २००९ मध्ये काढला, ट्रम्प यांनी २०१७ मध्ये पहिल्यापेक्षा जास्त व्यापक करून लावला, बायडेन यांनी २०२१ मध्ये उठवला आणि २०२५ मध्ये तो परत आला. तिथे पक्ष बदलला की इथल्या बायांच्या दवाखान्याचे नियम बदलतात. चाळीस वर्षे हे चालले आहे.

नियमाचा आशय असा. अमेरिकेबाहेरच्या ज्या संस्थेला ही मदत घ्यायची आहे तिने कुटुंबनियोजनाचा एक उपाय म्हणून गर्भपाताची सेवा द्यायची नाही, त्याचा सल्ला द्यायचा नाही, दुसरीकडे पाठवायचे नाही आणि त्यासाठी कायदा बदलावा असे सरकारला सांगायचेही नाही. बलात्कार किंवा जिवाला धोका अशा मोजक्या बाबींचा अपवाद आहे. यातली मेख अशी की, ही बंदी केवळ अमेरिकेच्या पैशापुरती नाही. संस्थेने स्वतः जमवलेल्या किंवा दुसऱ्या देशाकडून मिळालेल्या पैशातूनही ते काम करायचे नाही. अमेरिकेच्या पैशातून असा गर्भपात करण्यास तर तिथल्या कायद्याने १९७३ पासूनच मनाई होती. १९८४ च्या नियमाने दुसऱ्याच्या पैशावर आणि दुसऱ्याच्या जिभेवरही हक्क सांगितला.

आपल्या भाषेत सांगायचे तर स्टेशनवरच्या चौकशी खिडकीतील बाबूला साहेबांनी बजावावे की, सगळ्या गाड्यांची माहिती दे, पण अमुक एका गाडीचे नाव काढू नकोस. गाडी कायदेशीर आहे, शेजारच्या फलाटावरून रोज सुटते. तरीही तू ती प्रवाशाला सांगितलीस तर साऱ्या खिडक्यांचा पगार बंद. भारतात गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. जी गोष्ट आपल्या संसदेने कायदेशीर ठरवली, ती आपल्याच देशातल्या दवाखान्यात आपल्याच बाईला सांगू नये, अशी ही अट आहे. मदतीच्या नावाखाली दुसऱ्या देशाच्या कायद्यावर केलेली ही कुरघोडी आहे.

आणि ज्या हेतूने अट घातली तो तरी साधला काय? आफ्रिकेतील २६ देशांच्या आकडेवारीचा एक अभ्यास २०१९ मध्ये 'लॅन्सेट' समूहाच्या नियतकालिकात आला. बुश यांच्या काळात, म्हणजे २००१ ते २००८ या वर्षांत, अमेरिकेच्या मदतीवर जास्त अवलंबून असलेल्या देशांत गर्भपाताचे प्रमाण इतर देशांच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी वाढले. गर्भनिरोधक साधनांचा वापर घटला. कारण साधे आहे. अट न मानणाऱ्या संस्थांचा पैसा बंद झाला, त्यांच्या केंद्रांतून मिळणाऱ्या गोळ्या व साधने बंद झाली, नको असलेली गर्भारपणे वाढली. गर्भपात थांबवण्यासाठी केलेल्या नियमाने गर्भपात वाढवले.

अट जुनीच, रूप नवे

कोणी म्हणेल, हा एका पक्षाच्या धर्मवेडाचा प्रश्न आहे. तसे नाही. वीस वर्षे आधी हीच अमेरिका नेमकी उलटी अट घेऊन आपल्या दारात उभी होती. १९६५-६६ सालचा दुष्काळ आणि पीएल-४८० चा गहू जुन्या लोकांच्या स्मरणात असेल. त्या वेळी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची जहाजे महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडली. शेतीचे धोरण बदला, लोकसंख्येला आळा घाला, असा तगादा त्यामागे होता. जून १९६५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सभेत जॉन्सन यांनी हिशेबच मांडला की, लोकसंख्या नियंत्रणावर खर्चलेले पाच डॉलरही आर्थिक विकासावर खर्चलेल्या शंभर डॉलरच्या तोडीचे ठरतात. माणसांचे मोल डॉलरमध्ये ठरले की पुढे काय होते, हे आपण आणीबाणीत पाहिले.

१९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. अनेक राज्यांत सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार, बढत्या व घरे नसबंदीच्या दाखल्याला जोडली गेली. शिक्षकाने किती 'केस' आणल्या यावर त्याची वेतनवाढ ठरू लागली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्यात उतरले नाही. त्याच सुमारास, नोव्हेंबर १९७६ मध्ये, जागतिक बँकेचे अध्यक्ष रॉबर्ट मॅक्नामारा भारतात आले आणि कुटुंबनियोजनाबाबत सरकारने दाखवलेल्या निर्धाराची त्यांनी वाखाणणी केली. पुढे शाह आयोगापुढे नसबंदीशी संबंधित १७७४ मृत्यूंची नोंद आली.

त्या वर्षीच्या बहुसंख्य शस्त्रक्रिया पुरुषांवर झाल्या होत्या. १९७७ च्या निवडणुकीत त्याचा जाब विचारला गेला आणि सरकार कोसळले. राज्यकर्त्यांनी त्यातून धडा घेतला, पण तो चुकीचा घेतला. सक्ती करू नये असा नव्हे, तर पुरुषांच्या वाटेला जाऊ नये असा. तेव्हापासून सगळा भार स्त्रियांवर आला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आढळले आणि पुरुष-नसबंदीचे ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, कमी धोक्याची आणि त्याच दिवशी घरी पाठवणारी आहे, हे प्रत्येक डॉक्टर सांगतो. तरी शंभर पुरुषांमागे एकही पुढे येत नाही. या आकड्यात आपणही आहोत. ज्या संघटनेचे बहुसंख्य सभासद पुरुष आहेत तिच्या मुखपत्राने हे आपल्या सभासदांना सांगितलेच पाहिजे.

बिलासपूरची शिबिरे

भिलाईहून हावड्याच्या दिशेने निघालेली गाडी रायपूरनंतर बिलासपूरला पोहोचते. दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे मुख्यालय तेथे आहे. त्याच बिलासपूरजवळ ८ नोव्हेंबर २०१४ रोजी एका बंद पडलेल्या खासगी रुग्णालयाच्या इमारतीत नसबंदीचे शिबिर भरले. एका शल्यचिकित्सकाने काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या. सरकारी नियमाप्रमाणे एका पथकाने दिवसाला ३० हून अधिक शस्त्रक्रिया करायच्या नाहीत. दोन दिवसांनी गौरेला-पेंड्रा भागातही शिबिरे झाली. या शिबिरांनंतर १३ स्त्रिया दगावल्या. त्या सगळ्या गरीब घरच्या, दलित, आदिवासी आणि मागास जातींच्या होत्या.

त्याआधी दोन वर्षे, जुलै २०१२ मध्ये, ब्रिटिश सरकार आणि गेट्स फाउंडेशन यांनी लंडनमध्ये कुटुंबनियोजनाची जागतिक परिषद भरवली होती. २०२० पर्यंत ४ कोटी ८० लाख नव्या स्त्रियांपर्यंत साधने पोहोचवू, असे वचन भारताने तिथे दिले. लंडनचे वचन आणि बिलासपूरचे मृत्यू यांची थेट गाठ मारणे घाईचे होईल. शिबिर सरकारी पैशाने झाले होते आणि जबाबदारीही सरकारचीच होती. पण वर कोटीचा आकडा ठरला की तो जिल्ह्यापर्यंत लाखांचा, तालुक्यापर्यंत हजारांचा आणि शेवटी एका डॉक्टरपुढे ८३ चा होतो, हे कामाचा कोटा सोसणाऱ्या कोणत्याही कामगाराला समजावून सांगावे लागत नाही. १९९४ च्या कैरो परिषदेनंतर भारताने १९९६ मध्ये उद्दिष्टांची पद्धत कागदावर रद्द केली होती. प्रत्यक्षात ती जिवंत राहिली. अखेर १४ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास खटल्यात अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला.

या प्रश्नाची दुसरी बाजूही याच भागात दिसते. बैगा व इतर काही आदिम जमातींच्या लोकांची नसबंदी करू नये, असा आदेश १९७९ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने काढला. हेतू जमात टिकवण्याचा होता. पण त्या आदेशामुळे जिला आणखी मूल नको होते त्या बैगा बाईलाही सरकारी दवाखान्याचे दार बंद झाले. एका बाईला धरून आणायचे आणि दुसरीला हाकलून द्यायचे. दोन्ही वेळा 'तुला काय हवे?' हा प्रश्न कोणी विचारला नाही. अमेरिकेच्या १९६५ च्या आणि १९८४ च्या अटींमध्येही हेच साम्य आहे. मूल होऊ देऊ नका म्हणणारा असो की गर्भपाताचे नाव काढू नका म्हणणारा, दोघांनी बाईला हिशेबातील आकडा मानले.

भिलाईचा धडा

मग परदेशी मदत घेऊच नये काय? भिलाईत बसून असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. हे शहरच मदतीतून उभे राहिले. फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला. अडीच टक्के व्याजाने, बारा वर्षांत फेडायचे कर्ज मिळाले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. आपले ट्रॅकमन बांधव ज्या रुळांची निगा राखतात त्यांतील बहुतेक रूळ याच कारखान्यात तयार झाले. मदत घेण्यात कमीपणा नाही. ती कोणत्या अटींवर घेतली आणि कोणापर्यंत पोहोचली, एवढेच पाहायचे असते.

आणि दुसऱ्या कसोटीवर भिलाईही पूर्ण उतरत नाही. कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहरा येथील खाणींत हजारो स्त्री-पुरुष कंत्राटावर खनिज फोडत. कायम कामगारांना कारखान्याचे रुग्णालय होते. कंत्राटी कामगारांना तिथे हक्काची जागा नव्हती. १९७७ मध्ये या कामगारांनी छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ स्थापला. त्या वर्षी जूनच्या सुरुवातीला झालेल्या पोलीस गोळीबारात ११ जण मारले गेले. संघाच्या उपाध्यक्षा कुसुमबाई स्वतः खाणकामगार होत्या. १९७९ साली बाळंतपणात त्यांचा मृत्यू झाला. वेळेवर उपचार मिळाले नाहीत, अशी कामगारांची तक्रार होती. हजारो कामगार रुग्णालयासमोर जमले. त्या संतापात काहीही घडू शकले असते. पण त्यांनी एकही काच फोडली नाही. आपल्या बायांसाठी आपण स्वतः प्रसूतिगृह बांधू, असा निश्चय करून ते परतले.

तो निश्चय त्यांनी पुरा केला. आधी छोटा दवाखाना निघाला. मग कामगारांनी आपल्या वेतनातून वर्गणी काढली, सुट्टीच्या दिवशी स्वतः विटा वाहिल्या, आणि ३ जून १९८३ रोजी १५ खाटांचे 'शहीद हॉस्पिटल' सुरू झाले. उद्‌घाटनाला मंत्री बोलावला नाही. एका वयोवृद्ध खाणकामगाराने आणि एका वयोवृद्ध शेतकऱ्याने ते केले. विनायक सेन, आशिष कुंडू, पवित्र गुहा, शैबाल जाना, पुण्यव्रत गुण असे डॉक्टर कामगारांच्या बरोबरीने राबले. देशी-परदेशी दात्या संस्थांचा पैसा घेतला नाही. त्यामुळे वॉशिंग्टनमध्ये सरकार बदलले म्हणून दल्ली राजहराच्या बाळंतिणीची खाट हलली नाही.

हे उदाहरण सांगताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. कामगारांनी वर्गणी काढून रुग्णालये बांधावीत आणि सरकारने हात झटकावेत, असा त्याचा अर्थ नाही. लोकांच्या आरोग्याची जबाबदारी सरकारचीच. संघटनेने हात घातला तर बाळंतपण हा बायकांचा खासगी विषय न राहता कामगारांचा प्रश्न होतो, हा त्याचा अर्थ आहे. मराठी माणसाला हे नवे नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा कोणत्या परदेशी संस्थेने त्यांना पैसे दिले नव्हते. नोकरीही गेली, तरी १९२७ पासून मरेपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. १९३८ मध्ये त्यांच्या पक्षाने संततिनियमनाच्या सोयी सरकारने द्याव्यात असा ठराव त्याच सभागृहात आणला. तो ११ विरुद्ध ५२ मतांनी पडला. मूल केव्हा व्हावे हे बाईच्या प्रकृतीवर आणि मर्जीवर ठरावे, ही मागणी आपल्याकडे अमेरिकेच्या मदतीच्या कितीतरी आधीची आहे.

आता काय करायचे?

गोंदियाहून निघालेली गाडी तासा-दीड तासात डोंगरगडला येते. २०१८-२० च्या सरकारी आकड्यांप्रमाणे दर लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३ माता दगावत होत्या, छत्तीसगडमध्ये १३७. रूळ तेच, तारा त्याच, पण एवढ्या अंतरात बाळंतिणीचा धोका चौपट होतो. छत्तीसगडने २००२ मध्ये गावोगावी 'मितानिन' नेमल्या आणि पुढे तोच विचार देशभर 'आशा' योजनेच्या रूपाने आला, हेही खरे. काम करणाऱ्या बायका आहेत. कमी पडतो तो पैसा, डॉक्टर आणि राज्यकर्त्यांची इच्छा.

हुडकोतील आमच्या ओळखीच्या एका भगिनीची हकीकत सांगण्यासारखी आहे. ती डबे धुण्याच्या कंत्राटी कामावर होती. दोन मुले, तिसरे पोटात राहिले. एका खासगी दवाखान्यात गेली तर नवऱ्याची सही आण म्हणून परत पाठवले. नवरा दूर गावी कामाला. सहीची वाट पाहण्यात पाच आठवडे गेले आणि शेवटी कोणा दुकानदाराने दिलेल्या गोळ्या घेऊन ती मरता मरता वाचली. तिला कोणी सांगितले नव्हते की कायद्याने नवऱ्याची सही लागतच नाही.

ही माहिती आपल्या प्रत्येक शाखेच्या फलकावर लागली पाहिजे. सज्ञान स्त्रीला गर्भपातासाठी फक्त स्वतःची संमती पुरते. कायद्याने घालून दिलेल्या कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मतावर तो करता येतो. २०२१ च्या दुरुस्तीने काही ठरावीक परिस्थितींत दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही हाच हक्क असल्याचे स्पष्ट केले. २०१५ मध्ये देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. पन्नास वर्षांपूर्वीचा कायदा असूनही बाई दवाखान्यात पोहोचत नाही, म्हणजे तोंडबंदी केवळ परदेशातून येत नाही. ती आपल्या घरात, दवाखान्यात आणि युनियनच्या कचेरीतही आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. केंद्र सरकारने परदेशी मदत जरूर घ्यावी, पण तिच्या अटी संसदेपुढे ठेवाव्यात आणि भारतात कायदेशीर असलेल्या सेवेबद्दल गप्प बसण्याची अट कोणत्याही संस्थेवर चालू देऊ नये. मदत बंद झाली म्हणून दवाखाना बंद पडू नये, यासाठी अर्थसंकल्पात तरतूद करावी. नसबंदीचे कोटे उघड वा छुपे, दोन्ही बंद व्हावेत. रेल्वे रुग्णालयांत गर्भनिरोधन, प्रसूती आणि कायदेशीर गर्भपाताच्या सेवा स्थानक व यार्डातील कंत्राटी स्त्री कामगारांनाही मिळाव्यात. केंद्रीय कर्मचारी भगिनींना २००८ पासून १८० दिवसांची प्रसूती रजा आहे. ग्रामीण डाक सेवक भगिनींना तशी सोय मिळायला २०१८ साल उजाडले. कंत्राटी सफाई कामगार बाईला ती कायद्यात आहे, हातात नाही. ठेकेदाराकडून ती वसूल करणे हे संघटनेचे काम आहे.

आणि एक मागणी आपली आपल्याकडे. प्रत्येक शाखेने वर्षातून एक सभा या विषयावर घ्यावी, ती भगिनींच्या अध्यक्षतेखाली घ्यावी आणि पुरुष सभासदांनी तिथे बसून ऐकावे. कुसुमबाईंच्या मृत्यूनंतर दल्ली राजहराच्या पुरुषांनीही विटा वाहिल्या होत्या. आपल्याला तर अजून नुसते बसून ऐकायचे आहे.